‘स्कोप’ कशाला आहे? अहवाल वाचावेत की गावातली चौकशी करावी

बारावीचा निकाल लागला की आमच्या गोव्यात, डिचोली-फोंड्याच्या घरांत एकच विषय: पुढे ‘स्कोप’ कशाला? उत्तर शोधायच्या वाटा दोन. येत्या पाच-दहा वर्षांत कुठली कामे वाढतील ते सांगणारे अहवाल वाचायचे, किंवा आज आपल्या भागात कोण माणसे घेतोय त्याची चौकशी करायची. माझे मत असे की कोर्स निवडायला अहवाल बरे, नोकरी शोधायला चौकशी. गफलत होते ती उलट वापर केल्यावर.

अहवाल वाचावा कसा? जागतिक आर्थिक मंचाने 2020 साली सांगितले की 2025 पर्यंत साडेआठ कोटी नोकऱ्या जातील, 9.7 कोटी नव्या येतील. 2023 साली तेच म्हणू लागले, 2027 पर्यंत 8.3 कोटी जातील, 6.9 कोटी येतील. 2025 साली पुन्हा पारडे फिरले: 2030 पर्यंत 9.2 कोटी जाणार, 17 कोटी येणार. दर अहवालाची व्याप्ती वेगळी, त्यामुळे हे आकडे शेजारी ठेवून ताळा जमत नाही. पण म्हणूनच अशा एका आकड्याच्या भरवशावर तीन वर्षांची फी भरू नये. तिन्ही अहवालांत जे बदलले नाही ते घ्यावे. डेटा एन्ट्री आणि कारकुनी कामे दर वेळी घटणाऱ्यांत आहेत, विश्लेषण करण्याची क्षमता दर वेळी वर आहे. नुसत्या टायपिंग-डेटा एन्ट्रीच्या कोर्सला नाव घालू पाहणाऱ्याने एवढे वाचले तरी खूप.

टक्केवारीलाही भुलू नये. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी खात्याच्या 2023 ते 2033 च्या अंदाजात पवनचक्की तंत्रज्ञांची वाढ 60 टक्के, पण नव्या जागा सात हजारांच्या आसपास. घरी येऊन वृद्ध-रुग्णांची सेवा करणाऱ्यांची वाढ 21 टक्के, आणि नव्या जागा आठ लाखांवर. शिवाय बहुतेक जागा वाढीमुळे निघतच नाहीत, जुनी माणसे निवृत्त होतात किंवा काम सोडतात म्हणून निघतात.

आता आपला गोवा. राज्य एवढे लहान की एक निकाल सगळे गणित फिरवतो. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मार्च 2018 मध्ये खाणी थांबल्या आणि सांगे-डिचोलीतले ट्रकवाले, मेकॅनिक, बार्जवाले एकदम रिकामे झाले. कुठल्या अंदाजात ते आधी दिसणार होते? मोपचे उलट. विमानतळ होणार हे सगळ्यांना ठाऊक होते, पण 2019 मध्ये पर्यावरण परवाना स्थगित झाला, 2020 मध्ये ती स्थगिती उठली, आणि पहिली विमाने उडाली जानेवारी 2023 मध्ये. अंदाज खरा ठरला, वेळ चुकली. ज्याने 2018 साली विमानतळाच्या भरवशावर कोर्स केला त्याला मधली वर्षे दुसरे काहीतरी करावे लागले असणार.

म्हणून नोकरी आत्ताच हवी असेल तर जाहिराती पाहा, पण नीट पाहा. वेर्ण्याच्या एखाद्या औषध कंपनीची वॉक-इन जाहिरात घ्या: क्वालिटी कंट्रोल, बी.एस्सी. केमिस्ट्री, एचपीएलसीचा (औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा) अनुभव, दोन ते पाच वर्षे. तीच जाहिरात दर महिन्याला दिसते. कंपनी वाढतेय, की माणसे टिकत नाहीत? कागदावर कळणार नाही. सकाळी कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्यांना विचारा: शिफ्ट कशा, कंत्राटी किती, कायम कितव्या वर्षी करतात. आणि त्या जाहिरातीतली ‘एचपीएलसी’ ही नुसती अट नव्हे, ती तुमच्या पुढच्या सहा महिन्यांची दिशा आहे: कॉलेजात ते यंत्र हाताळायला मिळत नसेल तर अप्रेंटिसशिप कुठे मिळते ते शोधा.

चौकशीचीही मर्यादा आहे. हॉटेलवाले ऑक्टोबरात माणसे शोधतात, पावसाळ्यात कमी करतात. ऐन मोसमात विचारलेत तर चित्र खरे असते त्यापेक्षा चांगले दिसेल. जूनमध्येही एकदा विचारा.

सरकारी नोकरीचे वेगळे. तिथे अंदाजाचा उपयोग नाही, जाहिरात आली की अर्ज करायचा. फक्त तिच्या वाटेवर बसून वर्षे घालवू नका, हातात काम असू द्या.

थोडक्यात निवड वयावर आणि घरच्या गरजेवर आहे. सतराव्या वर्षी, घरून तीन-चार वर्षांचा आधार असेल तर अहवाल वाचा आणि ज्याचा कल सतत वर दिसतो ते शिका. घरात सहा महिन्यांत पगार यायलाच हवा असेल तर अहवाल बाजूला ठेवा, वेर्णा, कुंडई, मोप इथल्या जाहिराती वाचा, आणि जे काम पाहताय त्यात तीन वर्षे काढलेल्या कुणाला तरी गाठून पगारवाढ किती झाली ते विचारा.