जुन्या पिकअपला सेकंड-हँड इंजिन: पावसाळा, हिवाळा आणि नवतपा पाहिल्यानंतरचा अनुभव

माझ्या जुन्या बोलेरो पिकअपमध्ये बसवलेल्या सेकंड-हँड इंजिनाबद्दल मी डिसेंबरमध्ये लिहायला बसलो असतो, तर प्रत्येकाला या व्यवहारापासून दूर राहण्याचा सल्ला दिला असता. आता नवतपा (मेअखेरचे सर्वांत तापणारे नऊ दिवस) संपत आला असताना माझे मत तसे राहिलेले नाही. मत बदलण्याचे कारण पिस्टन, क्रँक किंवा पंप यांपैकी काहीच नव्हते; रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होजपाईपच्या बुडाशी बसणारा थर्मोस्टॅट नावाचा एक लहानसा वॉल्व्ह हे ते कारण होते. पुढील मजकुरात त्याला मी बरीच जागा दिली आहे, कारण माझ्या गाडीत पैशाचा खरा हिशेब तेथेच फिरला.

2523 सीसीचे, चार सिलिंडरचे, मेकॅनिकल पंपाचे डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारे) इंजिन ज्यांनी वापरले आहे त्यांना त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. माझी गाडी नागपूर ग्रामीणची, म्हणजे एमएच-40 क्रमांकाची आहे. काटोलकडून नागपूरच्या कळमना बाजारापर्यंतचा साठ-पासष्ट किलोमीटरचा पट्टा हा तिचा नेहमीचा मार्ग असून आंबिया आणि मृग या दोन्ही बहारांत ती संत्र्याच्या क्रेटांनी भरलेली असते. अनेक वर्षे इमानाने काम केल्यानंतर मूळ इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारू लागले (म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या कडेने खाली ऑइलकडे निसटू लागला), ऑइलचे झाकण उघडताच धुराचे झोत बाहेर येऊ लागले आणि दोन सर्व्हिसिंगच्या मधे ऑइल भरावे लागू लागले. आठ वर्षे उलटलेल्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावे लागते आणि भारत स्टेज 4 च्या आधीच्या डिझेल गाडीला पीयूसीमध्ये धुराची मर्यादा 65 हार्ट्रिज एककांची असते. त्या मर्यादेच्या आत हे इंजिन बसेल अशी आशा उरली नव्हती. नवी पिकअप घ्यायची तर दहा लाखांच्या आसपास खर्च आणि त्यावर हप्ते, हे माझ्या व्यवसायाला झेपणारे नाही.

त्यामुळे पर्याय तीन राहिले: आहे त्याच ब्लॉकचे बोअर काम करणे (झिजलेले बोअर, म्हणजे सिलिंडर, कापून त्यात मोठे पिस्टन बसवणे), त्याच मॉडेलचे वापरलेले इंजिन आणून बसवणे, किंवा नवे इंजिन मागवणे. नव्या इंजिनाचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या जवळ जात असल्याने तो विचार लगेच सोडला. बोअर कामाचा अंदाज सुमारे ऐंशी हजारांचा आला. परंतु ब्लॉक आधीच एकदा रिबोअर होऊन त्यात ओव्हरसाईझ पिस्टन बसलेले होते, आणि लेथवरच्या मिस्त्रींनी क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) मोजून ते पुन्हा घासण्याची वेळ आल्याचे सांगितले. क्रँक, पिस्टन, हेडचे फेसिंग आणि पंप-नोझलचे काम धरले की तो ऐंशी हजारांचा अंदाज लाखाच्या पुढे जाणार हे उघड होते. वापरलेले इंजिन बसवणुकीसह पंचाहत्तर हजारांच्या आत मिळत होते. मी तेच निवडले.

निवड करताना एक मोह मला टाळावा लागला, आणि तो अनेकांना होतो. त्याच मापाचे, पण कॉमन रेलचे (संगणकाच्या नियंत्रणाने जास्त दाबाने डिझेल फवारणारे) इंजिन थोड्या जास्त पैशांत मिळत होते. शक्ती अधिक, धूर कमी, आवाजही कमी. मात्र त्या इंजिनासोबत ईसीएम (इंजिनाचा संगणक), संपूर्ण वायरिंग, सेन्सर आणि हजार बारच्या वरचा दाब सहन करणारी इंधनवाहिनी हे सगळे आणावे लागते, आणि यांतले एक जरी अपुरे राहिले तर गाडी गॅरेजच्या दारात उभी राहते. मेकॅनिकल पंपाचे इंजिन सावनेरच्या रस्त्यावर बंद पडले तरी तेथला मिस्त्री ते सुरू करून देतो. शिवाय आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) जे नोंदलेले आहे त्याच्याशी जुळणारे इंजिन बसवणे हाच कायद्याच्या दृष्टीनेही सरळ मार्ग आहे.

कागदपत्रांचा भाग मी थोडक्यात, पण आग्रहाने सांगतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार इंजिन बदलल्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला द्यावी लागते. आधी मंजुरी घेतलेली नसल्यास ती 14 दिवसांच्या आत कळवायची असते आणि आरसीवर नवा इंजिन क्रमांक चढवून घ्यायचा असतो. ज्या गाडीतून इंजिन काढले तिची आरसी, चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक लिहिलेले पक्के बिल मिळाल्याशिवाय एक रुपयाही आगाऊ देऊ नये. मला दाखवलेल्या पहिल्या दोन इंजिनांपैकी एकाच्या ब्लॉकवरील क्रमांकाची जागा ग्राइंडरने घासलेली होती. किंमत बरीच कमी होती, तरी मी तेथून लगेच निघालो. असे इंजिन चोरीचे निघाले तर पैशांबरोबर गाडीही हातची जाते.

जे इंजिन अखेर घेतले ते थंड असतानाच सुरू करून पाहिले. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन कसेही असले तरी एका सेल्फमध्ये सुरू होते, म्हणून विक्रेत्याकडे न कळवता सकाळी लवकर जावे. ऑइलचे झाकण उघडून बॅक पाहिला, डिपस्टिकवर दुधाळपणा (ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची खूण) नसल्याची खात्री केली, पुढची पुली टॉमीने (लोखंडी पहारीने) पुढे-मागे ढकलून क्रँकचा एंड प्ले (पुढे-मागे होणारी हालचाल) तपासला आणि हेड उघडायला लावून बोअर स्टँडर्ड असल्याचे स्वतः पाहिले. हेड उघडायला विक्रेता तयार नव्हता. गॅसकेटचा खर्च मी देईन असे म्हटल्यावर तयार झाला. त्या गॅसकेटइतका सार्थकी लागलेला खर्च या संपूर्ण व्यवहारात दुसरा नाही.

गाडी जूनमध्ये रस्त्यावर आली. पहिले मत चांगले होते: ओढ परत आली, ऑइल कमी होईना, आवाज एकसारखा. पण पाऊस लागल्यानंतर लक्षात आले की डिझेलचा हिशेब जमत नाही. जुने, थकलेले इंजिनसुद्धा भरलेल्या गाडीला लिटरमागे दहाच्या आसपास देत होते आणि हे चांगल्या बोअरचे इंजिन नऊच्या वर जायला तयार नव्हते. नोव्हेंबरनंतर सकाळी पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर निघू लागला आणि तो काटोल नाका ओलांडेपर्यंत थांबत नसे. टेम्परेचरचा काटा खालच्या रेषेपासून हलतच नव्हता. विक्रेत्याने तोंडी सहा महिन्यांची हमी दिली होती. त्याच्याकडे गेलो तेव्हा हमी इंजिन जाम होण्यापुरती होती, माइलेजची नव्हती, असे त्याने सांगितले. इंजिन बसवणाऱ्या गॅरेजवाल्याने काटा खाली असल्याबद्दल माझे अभिनंदन केले. "भाऊ, थंड चालून राहिली गाडी, याच्याहून चांगलं काय पाहिजे तुम्हाले?" हे त्याचे शब्द होते आणि ते तो मनापासून बोलत होता. या दोघांच्या उत्तरांनी मला इतका संताप आला की पदरमोड करून हे इंजिनही काढून टाकावे, असा विचार मी काही आठवडे करत होतो.

नोझल तपासण्यासाठी मी एका पंप-कॅलिब्रेशनवाल्या वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. पंप उघडण्याचे पैसे ते सहज घेऊ शकले असते. त्यांनी पंपाला हात लावला नाही. गाडी रात्रभर तेथेच ठेवायला सांगितली, सकाळी सुरू केली आणि मला वरच्या होजपाईपवर हात ठेवायला सांगितला. पाईप सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला. "काका, हा पाईप आधी थंडाच राहिला पाहिजे, अन् मग एकदम तापला पाहिजे; याच्यात थर्मोस्टॅटच नाही," असे त्यांनी सांगितले. दोन बोल्ट काढून झाकण उघडले, तर आत खरोखरच रिकामी जागा होती.

आपल्याकडे थर्मोस्टॅट काढून टाकण्याची ही सवय फार जुनी आणि सर्वत्र पसरलेली आहे, आणि तिच्यामागचा तर्क ऐकायला बिनचूक वाटतो: नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पाण्याच्या वाटेतला अडथळा काढला की इंजिन थंड राहील. या तर्कातली चूक समजण्यासाठी तो वॉल्व्ह काय करतो हे पाहावे लागेल. त्याच्या आत मेणाची गोळी असते. इंजिन थंड असताना वॉल्व्ह बंद राहतो आणि पाणी रेडिएटरकडे न जाता बायपासमधून ब्लॉकमध्येच फिरते. त्यामुळे बोअर लवकर तापतो. ठरलेल्या तापमानाला, माझ्या वॉल्व्हवर 82 हा आकडा कोरलेला आहे, मेण वितळून फुगते, वॉल्व्ह उघडू लागतो आणि आणखी थोड्या अंशांवर तो पूर्ण उघडतो. म्हणजे उन्हाळ्यात भरलेल्या गाडीत तो बहुतेक वेळ उघडाच असतो आणि पाण्याला फारसा अडवत नाही. उलट ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटचा खालचा भाग उघडताना बायपासचे तोंड बंद करतो, तेथे तो काढून टाकल्यास काही पाणी रेडिएटरमध्ये न जाताच सतत आतल्या आत फिरत राहते आणि ज्या उष्णतेच्या भीतीने तो काढला तीच वाढते.

थंड चालणाऱ्या डिझेल इंजिनाचे नुकसान लगेच दिसत नाही, म्हणूनच ते मला अधिक गंभीर वाटते. थंड बोअरमध्ये डिझेल पुरते जळत नाही. न जळलेला भाग पांढरा धूर होऊन बाहेर जातो किंवा सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो. ऑइल पातळ होते, त्याला डिझेलचा वास येतो. ज्वलनातून तयार होणारी वाफ थंड भिंतींवर साचते आणि इंधनातल्या गंधकाशी मिळून आम्ल तयार होते. 1 एप्रिल 2020 पासून देशभर मिळणाऱ्या भारत स्टेज 6 डिझेलमध्ये गंधक 10 पीपीएमपर्यंत खाली आले आहे, त्यामुळे आम्लाचा धोका पूर्वीइतका राहिलेला नाही; पण ऑइल धुतले जाण्याचा धोका जशाचा तसा आहे. मी ज्या स्टँडर्ड बोअरसाठी हेड उघडायला लावले होते, तोच बोअर मागचे सहा महिने विनाकारण झिजत होता. काही शे रुपयांच्या वस्तूसाठी हे झाले याची चीड मला आजही आहे.

नवा थर्मोस्टॅट आणि पॅकिंग बसवले. बसवण्यापूर्वी तो पातेल्यात पाण्यात टांगून गॅसवर तापवून पाहिला, आणि तो उघडताना मी थर्मामीटरवर आकडा वाचला. ही चाचणी घरी कोणीही करू शकतो. दुसऱ्या दिवसापासून पांढरा धूर दोन-तीन मिनिटांत संपू लागला, काटा मध्याच्या किंचित खाली स्थिर झाला आणि डिझेल लिटरमागे अकराच्या वर गेले. डिपस्टिकवरचा डिझेलचा वास पुढच्या ऑइल बदलानंतर परत आला नाही. त्या दिवसापासून या इंजिनाबद्दलचे माझे मत बदलले. विक्रेत्याबद्दलचे बदललेले नाही.

गॅरेजवाल्याचे म्हणणे होते की उन्हाळा येऊ द्या, तेव्हा तुम्ही स्वतःच तो काढायला आणाल. म्हणून उन्हाळ्याची तयारी मी नीट केली: रेडिएटर उतरवून रॉडिंग (नळ्यांत सळी घालून साफसफाई) करून घेतले, फॅनभोवतीचे तुटलेले आवरण बदलले, प्रेशर कॅप नवी घेतली आणि बोअरवेलच्या क्षाराच्या पाण्याऐवजी तयार कूलंट भरले. कॅप नीट दाब धरत असेल तर साधारण 0.9 बार दाबाला पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास उकळते, आणि गळकी कॅप असेल तर ते शंभरालाच उकळून बाहेर येते. पुष्कळ गाड्यांत थर्मोस्टॅटवर येणारा आरोप खरे तर कॅपवर यायला हवा. मे महिन्यात सव्वा टन माल भरून छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानी घाट दुपारी चढलो. काटा मध्याच्या थोडा वर गेला, माथ्यावर आल्यावर खाली आला. नवतप्यातही रेडिएटर उकळलेला नाही.

बाकीच्या उणिवा लहान आहेत. क्रँकच्या मागच्या ऑइल सीलमधून किंचित गळती आहे. क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरेल तेव्हा तो सील बदलणार आहे, त्यासाठी वेगळी मजुरी देणार नाही. आयडलिंगला येणारा थरथराट जुन्या फाउंडेशनमुळे (इंजिनाखालच्या रबरी बैठकींमुळे) होता, ती बदलल्यावर गेला. पंपाला अजून हात लावावा लागलेला नाही.

आरसीवर नवा क्रमांक चढला आहे आणि फिटनेस पहिल्याच फेरीत मिळाले. कोणी असे इंजिन घेणार असेल तर पैसे देण्याआधी झाकणाचे ते दोन बोल्ट उघडून आत थर्मोस्टॅट आहे की नाही हे पाहावे, नसेल तर त्याची किंमत व्यवहारातून वजा करून घ्यावी, आणि बसवणाऱ्या मिस्त्रींना तो लावण्याची अट बिलावर लिहून द्यायला सांगावी. माझे जुने इंजिन परत करण्याच्या बोलीवर कापून घेतलेले पाच हजार रुपये विक्रेत्याने अजून दिलेले नाहीत. इंजिन त्याच्या दुकानात पोहोचल्याची सही केलेली पावती माझ्याकडे आहे आणि ग्राहक आयोगाकडे द्यायची तक्रार मी लिहून ठेवली आहे.