धरमकोटला बसायचंय, पण कुठे? तुषिता की धम्म शिखर

उन्हाळ्यात हिमाचलात धरमकोटला ध्यानाला जाऊ म्हणतो, तिबेटी बौद्धांच्या तुषिता केंद्रात बसू की विपश्यनेच्या धम्म शिखरवर, असं गेल्या महिन्यात दोघांनी विचारलं. माहुरझरीचं धम्म नाग हे विपश्यना केंद्र घराजवळ असताना इतक्या लांब कशाला, हे मी कोणाला विचारत नाही. नागपूरचा मे मलाही ठाऊक आहे. दोन्हीकडे दहा-दहा दिवस बसून आलोय. मॅक्लोडगंजच्या वर, देवदारांत, दोन्ही शेजारी-शेजारी. मौन, पहाटेची घंटा वगैरे सांगत नाही. तुषितात शुल्क ठरलेलं, शिखरवर शेवटी जमेल ते दान. त्यावर निवड करू नये.

तुषिताची वास्तू जुनी. दलाई लामांचे एक गुरू, त्रिजांग रिंपोछे, तिथे राहायचे. १९७२ साली लामा थुब्तेन येशेंनी ती घेतली. काठमांडूजवळच्या कोपान मठात परदेशी पोरं त्यांच्याकडे शिकत होती, त्यांना एकांतात बसायला जागा हवी होती. म्हणून तिथलं शिकवणं इंग्रजीत, आजही. माझं घोडं तिथंच अडलं.

इंग्रजी येत नाही असं नाही, अख्खी नोकरी त्यातच गेली. पण 'रिफ्यूज' म्हटलं की मला 'रेफ्युजी' ऐकू यायचं, आणि डोळ्यांपुढे गोठणगावची तिबेटी निर्वासितांची वसाहत यायची. हे आपलं 'सरणं गच्छामि' आहे, हे ध्यानात यायला अर्धा दिवस गेला. पाळण्यात ऐकलेली ओळ, आणि तिचा अर्थ लावतोय इंग्रजीतून! पुढे 'एम्प्टिनेस'. म्हणजे शून्यता, म्हणजे ती मांडणारा बौद्ध आचार्य नागार्जुन. परंपरा त्याला विदर्भाचाच म्हणते, रामटेकला त्याच्या नावाची टेकडी आहे, आणि मी त्याला हिमाचलात परक्या भाषेत भेटत होतो. चर्चेच्या तासाला वाक्य मनात जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. दोष माझाच म्हणा.

शिखरवर शिकवतात ती विपश्यना गोएंका गुरुजींची. ते १९६९ साली ब्रह्मदेशातून आले ते आजारी आईसाठी. मुंबईतल्या पहिल्या शिबिरात त्यांचे आईवडील आणि आणखी बाराएक जण होते. घरच्यांना शिकवायचं तर हिंदीतच. रात्रीच्या प्रवचनात ते घरगुती बोलणं अजून ऐकू येतं, आणि शेवटी 'भवतु सब्ब मंगलं' आलं की आपल्याच मोहल्ल्यात बसल्यासारखं वाटतं. शिखरवर मला त्रास झाला तो फक्त गुडघ्यांचा.

अर्थात तिथे वही-पेन बंद, प्रश्नही साधनेपुरतेच. 'का' ते उमगल्याशिवाय ज्याला बसवत नाही, त्याला तुषिताच मानवेल. माझी पोरगी तिथेच रमेल, आणि वाद घालून येईल.

थंडीत दोन्हीकडे शिबिरं नसतात, तेव्हा ठरवायचं ते आत्ताच ठरवा. मी यंदा दोन अर्ज भरलेत, दोन्ही शिखरचे. दुसरा बायकोचा आहे.