नायिका वकील: मोठ्या फर्ममधली की स्वतःचं ऑफिस थाटणारी?
रहस्यकादंबरीची नायिका तरुण वकील असेल, तर मला नोकरदार वकिलापेक्षा नुकतंच ऑफिस थाटलेली जास्त आवडते. फर्ममध्ये केस घ्यायची की नाही हे सीनियर ठरवतो, हिच्या वाट्याला टिपणं. (संशयित फर्ममधलाच असेल तर मात्र मजा येते.) नव्या ऑफिसात दारावरची पाटी अजून तिरकी, भाडं थकलेलं, पहिलाच अशील थापा मारतोय हे कळूनही ती वकीलपत्र पुढे सरकवते. शिवाय अशिलाने विश्वासाने सांगितलेलं बाहेर फोडता येत नाही. फर्ममध्ये निदान सीनियरपाशी मन मोकळं करता येतं. इथे खुनी समोरच्या खुर्चीत बसून चहा पितोय आणि ही गप्प!