नववा प्रश्न न टाळणारी थेरपी: पाचपैकी चार तारे

पहिल्याच भेटीत थेरपिस्ट बाईंनी पीएचक्यू-९ चा, म्हणजे नैराश्य किती आहे ते जोखणारा फॉर्म भरून घेतला. नऊ प्रश्न, ० ते २७ गुण. बेरीज बाजूला ठेवून त्या थेट नवव्या प्रश्नावर आल्या. "इथे खूण केलीत. आत्महत्येचे विचार येतात का? काही ठरवलंय का?" ना आवाज चढला, ना चेहरा पडला. आधीच्या समुपदेशकांकडे हा विषय निघाला की "असं बोलू नये, चांगले विचार करा" एवढंच. विचारल्याने नसतं डोक्यात भरतं अशी भीती पुष्कळांना असते, पण संशोधनात तसं दिसलेलं नाही. मला तर हायसं वाटलं.

त्याच दिवशी सुरक्षा आराखडा झाला. ही पद्धत बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची. एकाच कागदावर आधी धोक्याच्या खुणा (माझ्या: आंघोळ टाळणं, फोन पालथा घालून ठेवणं), मग एकटीने काय करायचं, कुठे माणसांत जाऊन बसायचं, कुणाला सांगायचं, कुठला डॉक्टर, कुठली हेल्पलाइन. मैत्रिणीचं नाव लिहिलं तर बाई म्हणाल्या, "तिला विचारलंत?" आणि तिथल्या तिथे फोन करायला लावला. शेवटचा टप्पा घर सुरक्षित करण्याचा. माझ्या गोळ्या आता ताईकडे असतात, ती आठवड्यापुरत्याच देते. तेव्हा रागच आला होता. पण टोकाची घटका बहुतेकदा टळून जाते, तेवढ्या वेळात हाताशी काही नसलेलं बरं.

सीबीटीमधली (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी) विचारांची नोंदवही मला फारशी मानवली नाही, वाईट दिवसांत ती नुसता गृहपाठ वाटायची. 'आधी कृती, मग मन' हे मात्र लागू पडलं. इच्छा होण्याची वाट न बघता उठायचं, दात घासायचे, कोपऱ्यापर्यंत चालून यायचं, आणि आधी-नंतर कसं वाटलं त्याला गुण द्यायचे. औषधं मानसोपचारतज्ज्ञांची. त्यांचा गुण यायला काही आठवडे गेले.

एक तारा कापला तो दोन भेटींच्या मधल्या काळासाठी. बाईंना पाठवलेल्या निरोपाला उत्तर दुसऱ्या दिवशी येतं. रात्री विचार अनावर झाले तर हेल्पलाइन किंवा इस्पितळाचा तातडीचा विभाग, भेटीची वाट बघायची नाही, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. तरीही.

नुसतं मन मोकळं करायचं असेल तर बाई कडक वाटतील. आणि कुणाकडेही जा, पण वेळ घेताना फोनवरच विचारा: "आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसोबत तुम्ही काम करता का? कसं करता?" उत्तर गोलमोल आलं, तर पुढचा नंबर लावा.