फोटोवरून व्यक्तिचित्र: ट्रेस करावं, ग्राफ टाकावा, की माणूस समोर बसवावा?

व्यक्तिचित्राचं काम आलं की सोबत फोटो येतोच. बहुतेक वेळा मोबाइलवर, कधी अल्बममधून काढलेला, कोपरे झिजलेला. फोटो वापरावा का, हा वाद माझ्यापुरता संपलाय. फोटोचा शोध लागल्यापासून चित्रकार तो वापरत आले आहेत. तो कसा वापरायचा, हे मात्र काम घेण्याआधीच ठरवावं लागतं, कारण प्रत्येक पद्धतीची चूक वेगळी असते.

सुरुवात एडिंबरापासून करतो. मे १८४३मध्ये तिथे स्कॉटलंडच्या चर्चमधून शेकडो धर्मगुरू बाहेर पडले आणि त्यांनी स्वतंत्र फ्री चर्च उभं केलं. डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल मूळचा निसर्गचित्रकार, पण हा प्रसंग एका कॅनव्हासवर रंगवायचं त्यानं मनावर घेतलं. चेहरे साडेचारशेच्या घरात! एकेकाला बसवून रेखाटणं अशक्यच होतं. शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी फोटोचा मार्ग सुचवला आणि रॉबर्ट ॲडमसन या तरुण फोटोग्राफरशी हिलची गाठ घालून दिली. कॅल्टन टेकडीवरच्या रॉक हाऊसमध्ये दोघांचं काम सुरू झालं. फोटो उघड्यावर, उन्हात काढायचे. एक्स्पोजर, म्हणजे फोटो उमटायला लागणारा वेळ, लांब, म्हणून माणसाला कोपर टेकवून, डोक्याला आधार देऊन स्थिर बसवायचं. निगेटिव्ह कागदाची असल्यामुळे कागदाच्या धाग्यांनी बारीक तपशील मऊ व्हायचे आणि उजेड-सावलीचे मोठे आकार तेवढे उरायचे. अर्धा चेहरा अंधारात, कपाळ आणि हात उजळलेले. चित्रकाराला हवी असते तीच ही विभागणी.

ॲडमसन १८४८मध्ये गेला, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. चित्र पूर्ण व्हायला १८६६ उजाडलं. त्यात ॲडमसन कॅमेऱ्यासह आहे आणि हिल स्वतःही आहे. चेहरे ओळखू येतात. तरी ते चित्र बघताना मी अस्वस्थ होतो: ओळीने डोकी मांडलेली, प्रत्येक डोकं आपापल्या उन्हात, कुणी कुणाच्या शेजारी बसलंय असं वाटतच नाही. आज लोक प्रेमानं बघतात ते त्या तयारीच्या फोटोंकडे.

हे लांबवून सांगितलं, कारण आपल्याकडे हेच काम सारखं येतं. आजोबा हयात नाहीत, नातू लहान आहे, दोघांचं एकत्र चित्र हवंय. आजोबांच्या फोटोत उजेड डावीकडून, नातवाच्या फोटोत समोरून फ्लॅश. दोन्ही चेहरे हुबेहूब उतरवले तरी चित्र जमत नाही. अशा कामात ट्रेसिंगचा, म्हणजे फोटोतल्या रेषा जशाच्या तशा गिरवण्याचा, काही उपयोग नाही. एकच उजेड ठरवून निदान एक चेहरा नव्यानं घडवावा लागतो.

एकाच माणसाचं चित्र असेल, फोटो चांगला असेल आणि मुदत कमी असेल, तर प्रोजेक्टरनं फोटो कॅनव्हासवर पाडून ट्रेस करायला माझी हरकत नाही. फिलाडेल्फियाचा चित्रकार थॉमस एकिन्स शरीररचनेत इतका मुरलेला की विद्यार्थ्यांना शवविच्छेदन करायला लावायचा. त्याच्या काही चित्रांच्या तपासणीत रंगाच्या थरात टोकदार हत्यारानं ओढलेल्या बारीक खुणा सापडल्या आणि त्या त्याच्याच फोटोंशी जुळल्या. फोटो कॅनव्हासवर पाडून तो महत्त्वाच्या जागा नोंदवत होता. म्युनिकचा चित्रकार फ्रान्झ फॉन लेनबाखही फोटोवरून बाह्यरेषा उतरवायचा. पण त्या रेषेच्या आत हाड कुठे आणि मांस कुठे, हे दोघांना पाठ होतं. ते ज्ञान नसताना ट्रेस केलेला चेहरा सपाट पडतो. गालाची रेषा बरोबर असूनही गाल वळत नाही.

म्हणून शिकणाऱ्याला मी ग्राफच सुचवतो: फोटोवर आणि कॅनव्हासवर चौकोनांची जाळी आखायची आणि एकेक चौकोन उतरवत जायचं. वेळ जास्त लागतो, पण प्रत्येक चौकोनात बघावं लागतं, मोजावं लागतं. सिनेमाची पोस्टरं रंगवणाऱ्यांचे हात यावरच तयार झाले. ग्राफचा धोका वेगळा: तो लेन्सचीही नक्कल करतो. अमेरिकन चित्रकार चक क्लोजनं १९६७-६८मध्ये स्वतःचा चेहरा जवळजवळ ९ फूट उंच रंगवला, तेव्हा फोटोत धूसर झालेला भाग त्यानं मुद्दाम धूसर ठेवला, कारण त्याला फोटोच रंगवायचा होता. तुम्हाला आई रंगवायची असेल तर तसं करून चालणार नाही. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं होतं आणि कान मागे जातात. ग्राफ ते इमानदारीनं मोठं करून देतो.

समोर बसवणं सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात महाग. ब्रिटिश चित्रकार ल्युशियन फ्रॉइडसमोर चित्रकार डेव्हिड हॉकनी शंभराहून अधिक तास बसला होता. उलट फ्रॉइडचा चित्रकार मित्र फ्रान्सिस बेकन माणूस समोर असला की अवघडायचा; मित्रांचे फोटो तो फोटोग्राफर जॉन डीकिनकडून काढून घ्यायचा. शंभर तास आपल्याला कोण देणार? पण वीस मिनिटं मिळतात, आणि ती मागून घ्याच. फोटोत सावली काळी पडते. प्रत्यक्षात हनुवटीखाली मातकट, कधी हिरवट छटा असते. तेवढी नोंद एका कागदावर रंगानं करून ठेवली की पुढचं काम फोटोवर निभावतं. फोटोही स्वतःच काढा: खिडकीचा उजेड, फ्लॅश बंद, सहा-सात फुटांवरून, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला.

माणूसच नसेल तर? मागे एका आजोबांचं चित्र करायचं होतं. फोटो एकच, स्टुडिओतला, रीटच करून गुळगुळीत केलेला, डोक्यावर काळी टोपी. दोनदा रंगवलं, दोन्ही वेळा टोपी चिकटवल्यासारखी दिसली. मग त्यांच्या पुतण्याला तशीच टोपी घालून खिडकीशी बसवलं. टोपीच्या कडेखाली कपाळावर बोटभर सावली होती, भुवईपाशी विरत गेलेली. रीटच करणाऱ्यानं ती पुसून टाकली होती. मी ती परत घातली. चित्र बघायला आजी आल्या, तेव्हा त्यांनी आधी टोपीकडेच बोट दाखवलं. म्हणाल्या, "अशीच घालायचे, जरा पुढे ओढून."