मानेतली नस दबली: फिजिओ, इंजेक्शन की ऑपरेशन?

आधी त्रास मानेचाच आहे का ते बघा. दुखरा हात डोक्यावर ठेवला की आराम पडतो आणि मान मागे नेऊन त्याच बाजूला झुकवली की हातात करंट उतरतो, असं असेल तर नस बहुधा मानेतच दबली आहे. मुंग्या अंगठ्याकडे असतील तर सहावी नस, मधल्या बोटात सातवी, करंगळीत आठवी. रात्री जाग येऊन हात झटकल्यावर बरं वाटत असेल तर मात्र मनगटाची तपासणी आधी करून घ्या.

फिजिओ आणि गोळ्या. ताकद शाबूत असेल तर सुरुवात इथूनच. मणक्यांमधली सरकलेली गादी (डिस्क) बऱ्याचदा आपोआप आक्रसते. ६ ते १२ आठवड्यांत बहुतेकांना चांगला फरक पडतो. प्रीगाबालिन, गॅबापेंटिन या नसेच्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून पहिला डोस शक्यतो रात्री देतात. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत रात्रपाळीला दुचाकीवरून जात असाल तर डॉक्टरांना तसं आधीच सांगा. बरं वाटलं म्हणून या गोळ्या एकदम तोडू नका. व्यायामात दुखणं बोटांकडून वर मानेकडे सरकलं तर दिशा बरोबर आहे. खाली उतरू लागलं तर तो व्यायाम थांबवून फिजिओला सांगा. मानेचा पट्टा थोडे दिवसच, महिनोन्‌महिने घातला की मानेचे स्नायू ढिले पडतात. आणि दाढी झाल्यावर न्हाव्याकडून मान कडाकडा मोडून घेणं बंद! क्वचित का होईना, त्यात मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटते.

इंजेक्शन. नसेजवळ स्टेरॉइड देतात. गादी जागेवर जात नाही, सूज उतरते. आराम काही आठवडे ते काही महिने. ताकद ठीक आहे, पण कळांनी झोप नाही, अशांनाच याचा विचार. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर चढते. मज्जारज्जूला इजा होण्याचा धोका दुर्मीळ, पण गंभीर. त्यामुळे हे एक्स-रेच्या मार्गदर्शनाखालीच हवं.

ऑपरेशन. ठरवायचं ते दुखण्यापेक्षा ताकदीवरून. भिंतीला हात टेकून ढकलताना एकच कोपर दुमडतं, पकड सुटते आणि हे वाढत चाललंय, तर थांबू नये. बहुधा गळ्याच्या पुढून गादी काढून तिथे केज (मणक्यांमध्ये आधार देणारा छोटा सांगाडा) बसवतात. हाताची कळ लवकर जाते, बधिरपणा रेंगाळतो. काही दिवस गिळायला त्रास होतो, आवाज बसतो. नुसती मान दुखते म्हणून हे ऑपरेशन करून घेऊ नका.

शर्टाची बटणं लागेनाशी झाली, पायातून चप्पल निसटलेली कळत नाही, चाल अडखळते, लघवीवर ताबा राहत नाही, तर दाब मज्जारज्जूवर असू शकतो. मग तुलना संपली. ट्रॅक्शन (मान ताणणं), मालिश काही नको. कोल्हापूरचं सीपीआर सरकारी रुग्णालय असो वा खासगी, त्याच दिवशी दाखवा.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का, हे भरती होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारा. दुसरं मत घ्यायला जाताना नुसता रिपोर्ट नको, एमआरआयची फिल्म किंवा सीडी न्या. गादी सरकल्याचं कुठलाही त्रास नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही दिसतं. ती तुमच्याच बोटातल्या मुंग्यांशी जुळते का, हे सर्जनला चित्र बघूनच ठरवता येतं.