‘कम्पेअर्ड टू व्हॉट’: आठ महिने ऐकल्यानंतर

अमेरिकी जॅझ वादक लेस मॅक्कॅन आणि एडी हॅरिस यांची ‘स्विस मूव्हमेंट’ ही एलपी (मोठी तबकडी) घरी येऊन आठ महिने झाले. ती घेतली होती केवळ पहिल्या बाजूवरच्या पहिल्या गाण्यासाठी, म्हणजे ‘कम्पेअर्ड टू व्हॉट’साठी, आणि आजही रविवारी सकाळी सुई प्रथम तिथेच टेकते. पहिली प्रत वाकलेली निघाली आणि ती बदलून मिळवण्यासाठी दुकानाकडे तीन आठवडे पाठपुरावा करावा लागला. दुसऱ्या प्रतीबद्दल मात्र माझी काहीही तक्रार नाही.

हे गाणे यूजीन मॅक्डॅनिअल्स यांचे. १९६१ साली गोड, सोप्या गाण्यांमुळे घराघरांत पोहोचलेल्या या गायकाने काही वर्षांतच असे काही लिहावे, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते. व्हिएतनामचे युद्ध कशासाठी चालले आहे हे लोकांना कळत नाही, आणि कोणी शंका काढली की तिला देशद्रोह म्हणतात, असे ते स्पष्टपणे मांडतात. प्रत्येक कडवे एकाच प्रश्नावर येऊन थांबते: खरे जगायचे म्हणता, पण कशाच्या तुलनेत खरे?

जून १९६९ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रो जॅझ महोत्सवात हे ध्वनिमुद्रण झाले. मॅक्कॅन पियानोवर, हॅरिस टेनर सॅक्सोफोनवर, लिरॉय व्हिनेगर बासवर, डोनाल्ड डीन ड्रमवर, आणि युरोपात स्थायिक झालेले अमेरिकी ट्रम्पेटवादक बेनी बेली त्यांच्या जोडीला. या पाच जणांची नीट तालीमही झालेली नव्हती. सुरुवातीला पियानोची तीच ती ठेक्यातली लकेर बराच वेळ फिरत राहते, श्रोत्यांचे पाय हलू लागतात आणि मगच मॅक्कॅन तोंड उघडतात. पहिल्या महिन्यात मी केवळ या ठेक्यावर खूश होतो. शब्द कानांवर पडत होते, पण आत उतरत नव्हते. पुढे एकदा शब्द समोर ठेवून ऐकले, तेव्हा ध्यानात आले की ज्या चालीवर आपण इतके दिवस ताल धरत होतो, तिच्यात संताप काठोकाठ भरलेला आहे. नाचता येईल अशा चालीत बांधल्यामुळे हा संताप भाषण होत नाही, आणि हेच या गाण्याचे सर्वांत मोठे बळ आहे असे माझे ठाम मत झाले आहे.

१९६९ मध्येच गायिका रॉबर्टा फ्लॅक यांनी आपल्या ‘फर्स्ट टेक’ या पहिल्या अल्बमची सुरुवात याच गाण्याने केली. त्यांना अटलांटिक या ध्वनिमुद्रिका कंपनीपर्यंत नेले तेही मॅक्कॅन यांनीच. फ्लॅक यांच्याकडे रॉन कार्टर यांचा बास वाट काढतो आणि आवाज कुठेही चढत नाही. मॅक्कॅन जे ओरडून विचारतात, तेच त्या नजर न हटवता विचारतात. एलपी घेणाऱ्याने हे दुसरे रूपही अवश्य ऐकावे. मला स्वतःला आता, आठ महिन्यांनंतर, तेच अधिक बोचते.

पुढे हे गाणे अनेकांनी गायले. २०१० मध्ये गायक जॉन लेजंड आणि ‘द रूट्स’ हा बँड यांनी त्या काळातील सामाजिक गाण्यांच्या आपल्या अल्बममध्ये ते घेतले. त्याआधी २००३ मध्ये त्याचा आधार घेऊन एका शीतपेयाची जाहिरातही झाली होती. तिथे ‘खरे’ हा शब्द राहिला, युद्ध गेले. त्या जाहिरातीचे मला मनापासून वाईट वाटते, कारण प्रश्नाला धार होती ती युद्धामुळे.

ध्वनिमुद्रणाबद्दल सांगायचे तर आवाज थोडा मोठा ठेवावा. हळू आवाजात व्हिनेगर यांचा बास मागे पडतो, आणि त्याच्याशिवाय ती पियानोची लकेर अधांतरी वाटते. उरलेली तबकडीही चांगली आहे, विशेषतः हॅरिस यांचे वादन. परंतु पहिले गाणे संपून टाळ्या विरल्या की मी बहुतेक वेळा सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवतो.